पंच्याऐंशी टक्क्यांची भीती

कर्जतच्या दिशेने जाताना बदलापूर सोडले की पुढचे स्टेशन वांगणी. मुंबई-कल्याणात घर परवडत नाही म्हणून गेल्या काही वर्षांत कितीतरी कुटुंबे इकडे सरकली. त्यांत आपलीही बरीच कुटुंबे आहेत. अब्बू पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री जेवायच्या वेळेला कसेबसे घरी पोचतात. घराचा हप्ता, रेल्वेचा पास, किराणा आणि दवाखाना यांतून जे उरते ते मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला पडते. अशा घरात नर्सरीच्या प्रवेशाचे दिवस आले की एक वाक्य हमखास ऐकू येते: "मेंदूची पंच्याऐंशी टक्के वाढ सहा वर्षांच्या आतच होते. आत्ता खर्च केला नाही, तर पुढे काही उपयोग नाही."

मग घरात हिशेब सुरू होतो. धाकटा तीन वर्षांचा आहे, त्याला मोठ्या फीच्या नर्सरीत घालायचे ठरते. पैसे कुठून आणायचे? थोरली पाचवीत आहे, तिला अजून अडखळत वाचावे लागते. तिची शिकवणी बंद होते. कुणीतरी म्हणते, "तिच्या डोक्यात काही शिरत नाही, तिचे वय निघून गेले. आता घरकाम शिकू दे." दादी गप्प बसते, अम्मी मान हलवते. एका आकड्याने घरातल्या दोन मुलांचे भवितव्य ठरून जाते. एकावर घाईघाईने पैसा लावला जातो आणि दुसरीवरची आशा सोडली जाते.

हा आकडा कुठून आला, त्याचा खरा अर्थ काय आणि त्यावरून घरातले निर्णय कसे घ्यावेत किंवा घेऊ नयेत, हे या वेळी पाहू.

आकडा आला कुठून?

हे वाक्य कुणा जाहिरातवाल्याने मनाने रचलेले नाही. केंद्र सरकारने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच ते आहे. मुलाच्या मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या ६ वर्षांआधी होतो, असे हे धोरण म्हणते. त्यातूनच ३ ते ८ वर्षांचा 'पायाभूत स्तर' तयार झाला, पहिलीच्या आधीची तीन वर्षे शिक्षणाच्या रचनेत आली आणि जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' हे अभियान सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, हे त्याचे उद्दिष्ट. महाराष्ट्रात नव्या रचनेची सुरुवात २०२५-२६ मध्ये पहिलीपासून झाली.

धोरण करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. सहाच्या आतल्या मुलांची जबाबदारी आतापर्यंत बहुतांशी अंगणवाडीवर आणि घरावर सोडलेली होती. या वयाकडे सरकारने लक्ष द्यावे, पैसा द्यावा, हे पटवून देण्यासाठी मेंदूविज्ञानाचा आकडा पुढे करण्यात आला. पण सरकारला जागे करण्यासाठी वापरलेला आकडा गरीब आईबापांना घाबरवण्यासाठीही वापरता येतो, आणि नेमके तेच झाले.

आता अर्थाकडे येऊ. जन्मलेल्या बाळाच्या मेंदूचे वजन साधारण ३५० ते ४०० ग्रॅम असते. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा असतो. मेंदू पहिल्या काही वर्षांत झपाट्याने वाढतो आणि सहाव्या वर्षापर्यंत त्याचे आकारमान मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ९० टक्के झालेले असते. म्हणजे पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांची जी गोष्ट सांगितली जाते, ती मुख्यतः मेंदूच्या आकाराची आहे. शिकण्याच्या शक्तीची ती नाही.

वांगणी-बदलापूरच्या वाचकांना हा फरक चटकन कळेल. आपल्याकडे रोज नवी इमारत उभी राहते. खांब उभे राहिले, स्लॅब पडले की लांबून बघणाऱ्याला वाटते, इमारत झाली. पण वायरिंग, नळाचे काम, खिडक्या-दारे बाकी असतात. लोक राहायला आल्यावरही कुणी भिंत काढतो, कुणी ओटा बदलतो. मेंदूचेही तसेच आहे. आकार लवकर येतो, पण आतल्या जोडण्यांचे काम पुढे कितीतरी वर्षे चालते. वापरात असलेल्या जोडण्या पक्क्या होतात, वापरात नसलेल्या गळून जातात. विचारपूर्वक निर्णय घेणे, राग आवरणे, पुढचे बेत आखणे ही कामे ज्या भागाकडे आहेत, तो कपाळामागचा भाग तर पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो. सहाव्या वर्षी सगळे संपत असते, तर हे कसे घडले असते?

घाई कशाची करायची, कशाची नाही?

म्हणून पहिली सहा वर्षे महत्त्वाची नाहीत असे कुणी समजू नये. ती फार महत्त्वाची आहेत. फक्त कशासाठी, ते नीट समजून घ्यायला हवे.

शास्त्रज्ञ मेंदूच्या शिकण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार सांगतात. काही अनुभवांची मेंदू ठरावीक काळात वाटच बघत असतो. डोळ्यांना उजेड आणि आकार दिसणे, कानांवर आवाज पडणे, माणसांचे बोलणे ऐकून पहिली भाषा येणे, हे त्यांत मोडते. हे अनुभव त्या काळात मिळाले नाहीत, तर पुढे भरपाई अवघड होते. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी प्रत्येक माणूस आपापल्या गरजेप्रमाणे शिकतो. वाचन, लेखन, गणित, सायकल, शिवणकाम, संगणक, सगळे यात आले. यांना ठरलेली मुदत नसते. लवकर सुरुवात केली तर बरे, उशिरा केली तरी शिकता येते.

आता आपण काय करतो ते बघा. जिथे खरोखर घाई हवी, तिथे आपण ढिले असतो. बाळाच्या डोळ्यात पांढरट ठिपका दिसतो, तर "मोठे झाल्यावर बघू" म्हणतो. दीड वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नाही, तर "लाडावलेले आहे" म्हणतो. मूल फिकट, मरगळलेले दिसते, तर "अंगकाठीच तशी" म्हणतो. जन्मजात मोतीबिंदू, तिरळेपणा, ऐकू न येणे, लोहाची कमतरता, कुपोषण यांच्या बाबतीत एकेक महिना मोलाचा असतो. गरोदरपणात अम्मीच्या पोटात आयोडीनयुक्त मीठ आणि लोहाच्या गोळ्या जातात की नाही, यावर बाळाच्या मेंदूचे बरेच काही अवलंबून असते. याउलट, तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी अक्षरे गिरवता येत नाहीत म्हणून आपण कासावीस होतो. त्यासाठी घाई करण्याचे काही कारण नसते. त्याच्या बोटांना अजून पेन्सिल नीट पेलतही नसते.

शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. डोळे, कान, दात, रक्तक्षय आणि वाढीतला विलंब पाहिला जातो आणि पुढचे उपचार सुचवले जातात. त्याला पैसे पडत नाहीत. पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविकेला विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. मेंदूसाठी करायच्या खर्चात हा सर्वांत पहिला, आणि तो शून्य रुपयांचा.

वांगणी आपल्याला काय शिकवते

वांगणीची आणखी एक ओळख आहे. इथे दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. स्वस्त भाडे आणि जवळ स्टेशन, म्हणून ही मंडळी इथे स्थिरावली. त्यांतले कितीतरी जण लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून घर चालवतात. एप्रिल २०२१ मध्ये याच स्टेशनवर एका दृष्टिहीन आईच्या हाताशी चालणारे मूल रुळांवर पडले आणि मयूर शेळके या पॉइंट्समनने धावत जाऊन, गाडी अंगावर येत असताना त्याला वर ढकलले. तेव्हा सगळ्या देशाने वांगणीचे नाव ऐकले.

या वस्तीत आईवडील दोघेही दृष्टिहीन आणि मुले डोळस, अशी घरे आहेत. शेजारीपाजारी काळजीच्या सुरात विचारतात, "आईची नजर बाळाच्या नजरेला मिळतच नाही. मग बाळाचा मेंदू कसा घडणार?" हाच प्रश्न लंडनच्या बर्कबेक कॉलेजमधल्या संशोधकांनाही पडला. दृष्टिहीन आईवडिलांच्या १४ डोळस बाळांचा त्यांनी अभ्यास केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ही बाळे इतर माणसांच्या डोळ्यांकडे थोडे कमी लक्ष देत होती, पण माणसांशी नाते जोडण्याची, संवाद साधण्याची त्यांची एकूण वाढ इतर बाळांसारखीच होती. आईची नजर मिळत नव्हती, तरी आवाज मिळत होता, स्पर्श मिळत होता. मेंदूने मिळाले त्यावर आपले काम भागवले. मूल घडवायला एकच ठरलेला साचा लागत नाही. लागते ते रोजचे, भरवशाचे, प्रेमाने वागणारे माणूस.

आता त्या आईवडिलांकडे बघा. ज्यांना ब्रेल येते, ते बोटांनी ठिपके चाचपून वाचतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसले, की लहानपणीच दृष्टी गेलेली माणसे ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा मागचा भाग, म्हणजे डोळस माणसात दृष्टीचे काम करणारा भाग, कामाला लागतो. डोळ्यांकडून काम आले नाही, तर त्या भागाने बोटांकडून आलेले काम स्वीकारले. मेंदू इतका लवचीक आहे.

आणखी एक उदाहरण आपल्याच देशातले. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी भारतात 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदू असलेली, उपचाराविना वाढलेली गरीब मुले शोधायची, त्यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया करायची आणि नजर आल्यावर मेंदू बघायला कसा शिकतो ते पाहायचे. मांजरीच्या पिल्लांवरच्या जुन्या, नोबेल मिळालेल्या संशोधनावरून डॉक्टरांचा समज असा होता, की इतक्या उशिरा नजर देऊन फायदा नाही, दार बंद झालेले असते. प्रकाशच्या मुलांवर आठ वर्षांनंतर, काहींवर तर पंधरा-सोळाव्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा त्यांना फक्त रंगांचे आणि आकारांचे तुकडे दिसत. हाताने ओळखलेली वस्तू डोळ्यांनी ओळखता येत नसे. पण काही दिवसांत, काही आठवड्यांत ते जमू लागले. त्यांची नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाही. लवकर शस्त्रक्रिया झाली असती तर अधिक फायदा झाला असता, हेही खरेच. तरी मुले चेहरे ओळखू लागली, एकटी फिरू लागली.

ज्या शक्तीला मुदत आहे असे सगळे मानत होते, त्या शक्तीचे दारही सहाव्या वर्षी बंद झाले नाही. मग ज्याला मुदतच नाही ते वाचन पाचवीतल्या मुलीला जमणार नाही, असे आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

तिशीतही मेंदू बदलतो

कुणी म्हणेल, मुलांचे ठीक आहे, मोठ्यांचे काय? लखनौजवळच्या खेड्यांत एक अभ्यास झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिशीच्या आसपासच्या, कधी शाळेत न गेलेल्या माणसांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने वाचायला शिकवले. लिपी होती देवनागरी, म्हणजे आपण मराठी लिहितो तीच. शिकण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूच्या कामाची चित्रे घेतली. फक्त सहा महिन्यांच्या शिक्षणाने मेंदूच्या खोलवरच्या भागांमधल्या जोडण्यांतही बदल दिसला.

हे वाचून आपल्या घरातल्या त्या अम्मीची आठवण येते, जी रेशनच्या दुकानात अंगठा उठवताना ओशाळते आणि मुलाच्या वहीवर सही करताना त्यालाच हात धरायला सांगते. "आमचे काय आता वय आहे का?" असे ती म्हणते. हो, आहे. १५ वर्षांवरच्या निरक्षर माणसांसाठी 'उल्लास' या नावाने नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत किंवा नगरपालिकेच्या शाळेत त्याची चौकशी करावी. आपले बुजुर्ग म्हणतच आले आहेत, की इल्म पाळण्यापासून कबरीपर्यंत मिळवायचे असते. मेंदूविज्ञानाने अलीकडे यंत्रे लावून पाहिले, तर काही निराळे दिसले नाही.

मेंदूच्या नावाने चालणारा बाजार

अर्धवट विज्ञान धोरणात शिरले की काय होते, याचे एक मासलेवाईक उदाहरण अमेरिकेतले. १९९३ साली एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना मोझार्ट या युरोपीय संगीतकाराचे संगीत दहा मिनिटे ऐकवले, तर पुढची दहा-पंधरा मिनिटे त्यांनी कागदाच्या घड्यांसारखी आकृत्यांची कोडी थोडी बरी सोडवली. प्रयोग बाळांवर नव्हता, परिणाम टिकणारा नव्हता. पण बातमी पसरली की या संगीताने बाळे हुशार होतात. १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळासाठी संगीताची सीडी देण्याचे ठरवले. जॉन ब्रुअर या अभ्यासकाने त्याच सुमाराला, १९९७ साली, इशारा दिला होता, की मेंदूच्या पेशींपासून थेट वर्गाच्या फळ्यापर्यंत पूल बांधायचा प्रयत्न करू नका. ते अंतर फार आहे. मध्ये मुलांच्या वागण्याचा, शिकण्याचा अभ्यास हा खांब हवाच.

आपल्याकडे हा बाजार आणखी पुढे गेला. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' नावाचे वर्ग शहराशहरांत निघाले. हजारो रुपये घ्यायचे, मुलाचा 'मध्यमेंदू जागा' करायचा आणि मग डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला वाचायला लावायचे. नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी वेळोवेळी दाखवून दिले, की मुले पट्टीखालून, नाकाच्या बाजूच्या फटीतून बघतात. पट्टी नीट बसवली की वाचन थांबते. मध्यमेंदू जागा करण्याची गरजच नसते, तो जन्मापासून काम करत असतो, नाहीतर बाळाला डोळेही हलवता आले नसते. आणि वांगणीच्या वाचकांनी एवढाच प्रश्न विचारावा: डोळ्यांशिवाय वाचता येत असते, तर हे वर्ग सर्वांत आधी आमच्या इथल्या दृष्टिहीन वस्तीत का उघडले नाहीत?

'तुमचे मूल डाव्या मेंदूचे की उजव्या?', 'बोटांच्या ठशांवरून बुद्धी ओळखा', 'माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो', 'मूल पाहून शिकणारे की ऐकून शिकणारे ते ठरवा आणि तसेच शिकवा', यांतल्या एकाही दाव्याला विज्ञानाचा आधार नाही. शिक्षकांनाही यांची भुरळ पडते. २०१२ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांची पाहणी झाली. मेंदूविषयीचे जे खोटे समज त्यांच्यापुढे ठेवले, त्यांतले सरासरी निम्मे त्यांना खरे वाटले. ज्यांना मेंदूविषयी वाचायची आवड होती, तेही यातून सुटले नव्हते. म्हणून शाळेच्या फलकावर मेंदूचे रंगीत चित्र दिसले की खिसा घट्ट धरावा.

चांगल्या शाळेची खूण

मग लहान मुलांची चांगली शाळा कशी असते? त्याचे उत्तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, मेंदूची चित्रे काढणारी यंत्रे येण्याच्या फार आधी सापडले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा या बाया शाळाच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. खडे, पाने, बिया, शंख हेच त्यांचे साहित्य. गाणी, गोष्टी, अंघोळ, खेळ हाच अभ्यासक्रम. 'अंगणवाडी' हा शब्द तिथलाच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

आणि खुद्द राष्ट्रीय धोरण काय सांगते? पंच्याऐंशी टक्क्यांचे वाक्य सगळे सांगतात, पण त्याच धोरणात पुढे लिहिले आहे, की या वयातले शिक्षण खेळातून, कृतीतून, शोधातून व्हावे, आणि शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून व्हावे. तीन वर्षांच्या मुलाला बाकावर बसवून रोज चार पाने गिरवायला लावणारी शाळा त्या धोरणाच्या नावावर फी घेत असेल, तर ती धोरणाच्या उलटच वागते आहे. प्रवेश घेताना फी आणि गणवेशाबरोबर एवढे विचारा: मुले दिवसातून किती वेळ खेळतात? बाई गोष्ट सांगतात का? मूल घरच्या बोलीत बोलले तर चालते का? मारतात का? मारणे कायद्याने तर बंद आहेच, शिवाय सतत भीतीत राहणाऱ्या मुलाच्या स्मरणशक्तीवर वाईट परिणाम होतो. हा प्रश्न मकतबच्या उस्तादांनाही अदबीने विचारायला हरकत नाही.

घरात करता येण्यासारखे

*बोला, आणि बोलू द्या.* बोस्टनमध्ये ४ ते ६ वर्षांच्या ३६ मुलांच्या घरचे बोलणे नोंदवून एक अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. मुलाच्या कानावर किती शब्द पडले, यापेक्षा मोठ्यांचे आणि मुलाचे बोलणे किती वेळा आलटून-पालटून झाले, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी अधिक संबंध दिसला. घर श्रीमंत की गरीब, याने फरक पडला नाही. भाजी निवडताना, रोट्या लाटताना, स्टेशनवर गाडीची वाट बघताना मुलाला प्रश्न विचारा आणि त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. मोबाइल मुलाशी बोलतो, पण त्याचे ऐकत नाही.

*घरची बोली सोडू नका.* आपल्या घरांत कुठे दखनी, कुठे कोकणी, कुठे उर्दू, कुठे मराठी बोलली जाते. दोन भाषा ऐकून मूल गोंधळते, ही भीती निराधार आहे. जी भाषा नानी मनापासून बोलते, तीत गोष्ट सांगू द्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीपेक्षा ती मुलाच्या जास्त कामाची.

*झोप वाचवा.* दिवसभर शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने आदेश काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. विज्ञानातून धोरणात आलेली ही चांगली गोष्ट. पण अब्बू रात्री दहाच्या लोकलने येतात, मूल त्यांच्यासाठी जागे राहते आणि फजरनंतर मकतबला उठते, तर सरकारी आदेश घरापर्यंत पोचतच नाही. यातला एक काटा तरी काढा. मकतबची वेळ असरनंतर करता येईल का, ते विचारा. अब्बूंनी शाळेच्या दिवशी मुलाला झोपू द्यावे आणि सुट्टीचा दिवस त्याच्यासाठी राखावा.

*आणि थोरलीला वाचायला बसवा.* तिला चौथी-पाचवीचे पुस्तक देऊ नका. जिथे ती न अडखळता वाचते तिथून सुरुवात करा, मग ते दुसरीचे पुस्तक असले तरी चालेल. रोज वीस मिनिटे तिने मोठ्याने वाचावे, कुणीतरी शेजारी बसून ऐकावे. अम्मीला वाचता येत नसेल तरी ऐकता येते. अडलेला शब्द सांगायचा, पुढे जायचे, रागवायचे नाही. धाकट्याला गोष्ट वाचून दाखवायचे कामही तिलाच द्या. त्याला गोष्ट मिळेल, तिला सराव मिळेल. पाटी कोरडी वाटली तरी महिनाभर चालू ठेवा. आणि तिला एकदा डोळ्यांच्या तपासणीला नक्की न्या. डोक्यात शिरत नाही असे ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्यांतल्या काही मुलांना फळाच नीट दिसत नसतो.

शेवटी पुन्हा त्या हिशेबाकडे. पैसे मोजकेच असतील, तर धाकट्याला जवळच्या अंगणवाडीत किंवा साध्या बालवाडीत घाला. तिथे खेळ, खाऊ आणि प्रेमळ बाई असल्या, तर त्याचा मेंदू मागे पडणार नाही. नर्सरीच्या फीसाठी थोरलीची शिकवणी तोडू नका, तिची शाळा तर मुळीच सोडवू नका. पंच्याऐंशी टक्क्यांचा आकडा सरकारने आपली जबाबदारी ओळखावी म्हणून लिहिला गेला. पाचवीतल्या मुलीला घरी बसवण्याचा दाखला म्हणून तो कुणी तुमच्यासमोर धरला, तर त्याला वांगणीत या म्हणावे. इथे डोळ्यांविना माणसे बोटांनी वाचतात.